पापाची तिकटी आणि इतर अवघड ठिकाणं

कोल्हापूर हे शहर अडखळत बोलणाऱ्या माणसाचा विचार करून वसवलेलं नाही. पापाची तिकटी, बिंदू चौक, पंचगंगा घाट, कपिलतीर्थ, कसबा बावडा. हवापालट म्हणून बाहेर पडावं तर पन्हाळा. प, ब आणि क या तीन अक्षरांशी माझं लहानपणापासून हाडवैर आहे, आणि गावातल्या पाट्या माझी कुंडली समोर ठेवूनच रंगवल्या असाव्यात अशी मला दाट शंका आहे. गावाचं नावसुद्धा क वरून. परगावी कुणी विचारलं, "तुम्ही कुठले?" की मी "दक्षिण महाराष्ट्र" म्हणतो. विचारणाऱ्याला वाटतं, माणूस राज्यपातळीवर विचार करणारा दिसतोय.

माझं घर पापाची तिकटीपाशी. रिक्षात बसलो की संवाद ठरलेला.

"कुठं जायाचं, साहेब?"

"प... प..."

"पंचगंगेला?"

मी मान हलवतो. नाही.

"पार्वती टॉकीज?"

"नाही ओ, प... प..."

"सांगा की भावा लवकर, मीटर पडलंय."

"महाद्वार रोड!" मी म्हणतो. म हे अक्षर सज्जन आहे.

मग महाद्वार रोडला उतरायचं आणि उरलेलं अंतर पायी तोडायचं. वाटेतल्या चपलांच्या दुकानदारांचा माझ्याविषयी ठाम समज आहे, की हा गृहस्थ रोज संध्याकाळी चपला घ्यायच्या इराद्यानं येतो आणि भाव परवडत नाही म्हणून परत जातो.

जाणकार सांगतात की मोठ्या माणसांत शंभरामागं साधारण एक जण अडखळत बोलतो. कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे माझ्या जातीचे चार-पाच हजार लोक तरी या गावात हिंडत असणार. ते मला आजवर भेटलेले नाहीत. सगळे महाद्वार रोडला उतरून चालत घरी जात असावेत आणि गर्दीत ओळख पटत नसावी.

शाळेत व्याकरणाच्या तासाला या भानगडीचं मूळ मला कळलं. क पासून म पर्यंतच्या पंचवीस व्यंजनांना स्पर्श व्यंजनं म्हणतात. ती उच्चारताना तोंडात कुठंतरी हवा पुरती अडते आणि मग सुटते. इतरांची सुटते. माझी फक्त अडते. प आणि ब ला दोन्ही ओठ मिटतात, क ला जिभेची मागची बाजू वर जाऊन चिकटते आणि तिथंच मुक्काम करते. म आणि न चं बरं आहे, त्यांना नाकातून बाहेर पडायची सोय आहे. डोक्यात वाक्य सगळं तयार असतं, क्रियापदासकट. पण जत्रेच्या एसटीच्या दारात पहिलाच माणूस बोचक्यासह आडवा अडकावा, मागच्यांनी ढकलावं, कंडक्टरनं ओरडावं आणि गाडी जागेवरून हलू नये, तसा पहिल्या अक्षरापाशी खोळंबा होतो.

अशा माणसाचं नाव तरी सोयीचं असावं की नाही? मी कन्या राशीचा, चित्रा नक्षत्राच्या दुसऱ्या चरणावर जन्मलेला. पंचांगात या चरणाचं अक्षर 'पो'. भटजींनी बोट ठेवलं आणि घरच्यांनी प वरून नाव ठेवून टाकलं. याच चित्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला रास बदलून तूळ होते आणि अक्षर येतं 'रा'. एक चरण म्हणजे साधारण सहा तास. सहा तास उशिरा जन्मलो असतो तर आज मी राम, राजन किंवा राजाराम असतो आणि जिथं विचारतील तिथं छाती काढून नाव सांगितलं असतं. हे मी एकदा आईला बोलून दाखवलं. आई म्हणाली, "सहा तास तू सोसून बघ." तो विषय तिथंच संपला.

वडिलांचं नाव ब वरून आणि आडनाव पुन्हा प वरून. तेव्हा पूर्ण नाव सांगणं ही माझ्यासाठी शर्यत असते, आणि तीही अडथळ्यांची. रात्री नाकाबंदीला हवालदार विचारतात, "नाव काय?" मी दोन्ही ओठ घट्ट मिटून, मान वाकडी करून, डोळे बारीक करून उभा. हवालदार मागं वळून सांगतात, "मशीन आण रे." मी फुंकतो. मशीन शून्य दाखवतं. हवालदार मशीन झटकतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. पुन्हा शून्य. मग ते मशीनकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघतात आणि आमच्यापैकी मशीन बिघडलंय असा निकाल देतात.

बँकेच्या फोनची तऱ्हा निराळी. पलीकडून गोड आवाज येतो, "सुरक्षेच्या कारणास्तव आपलं पूर्ण नाव सांगा, सर."

"प... प..."

"सर, आपण नाव शोधताय का?"

"न... नाही, प..."

"खातेदार स्वतः बोलतायत ना, सर?"

ज्या माणसाला स्वतःचं नाव सांगायला एवढा वेळ लागतो तो भामटाच असणार, असं त्यांच्या नियमावलीत लिहिलेलं असावं. कार्ड ब्लॉक होतं. अडखळण्याच्या शास्त्रात शब्द असा जागीच अडकतो त्याला ब्लॉकच म्हणतात. त्या दिवशी मी आणि माझं कार्ड एकाच दुखण्यानं आजारी होतो.

हे दुखणं बहुधा वयाच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षांत सुरू होतं. वीस मुलांतलं एखादं तरी मूल कधी ना कधी अडखळू लागतं आणि त्यातली बहुतेक पुढं आपोआप सुधारतात. या आपोआप सुधारण्यामुळं महाराष्ट्रात एक मोठा घोळ झाला आहे. मूल अडखळत असताना ज्या मावशीनं, आत्यानं, शेजारणीनं जे काही चाटवलं असेल त्यानंच गुण आला, असं ठरून जातं. त्यामुळं प्रत्येक घरात एक हमखास औषध आहे आणि प्रत्येक औषधाला बऱ्या झालेल्या मुलांची यादी आहे. ज्यांचं सुधारत नाही अशा थोड्यांत मी निघालो आणि यादीत बसलो नाही म्हणून सगळी औषधं ओळीनं माझ्यावर आली.

मावशीनं वेखंड उगाळून जिभेला लावलं. आत्यानं मधातून अक्कलकरा चाटवला. अक्कलकऱ्यानं जीभ चुणचुणते आणि तोंडाला असं पाणी सुटतं की आधी शब्द अडत होते, ते आता वाहून जाऊ लागले. शेजारच्या काकूंनी देवातल्या शंखात रात्रभर ठेवलेलं पाणी पाजलं. धाकट्या काकांनी कुठंतरी वाचलं होतं की ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीसमधला डेमॉस्थेनिस तोंडात गोटे धरून भाषणाचा सराव करायचा आणि पुढं मोठा वक्ता झाला. त्यांनी पंचगंगेच्या पात्रातले गोटे आणले. गोटे तोंडात धरल्यावर माझं अडखळणं पूर्ण थांबलं, कारण बोलणंच थांबलं. काकांनी हा आपला विजय मानला. बर्लिनमध्ये डिफेनबाख नावाच्या नामांकित शल्यवैद्यानं १८४१ साली अडखळणाऱ्यांच्या जिभेची थेट काटछाट केली होती, हे पुढं वाचलं तेव्हा मावशीच्या वेखंडाविषयी मनात अपार माया दाटून आली.

आजीचा भर रामरक्षेवर. "रोज म्हण, जीभ वळते." आश्चर्य म्हणजे रामरक्षा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणायचो. आजी गल्लीभर सांगून आली, "पोराला गुण आला." रामरक्षा संपली, घसा कोरडा पडला, आणि "पाणी दे" म्हणायला गेलो तर प पाशी जैसे थे. यात रामाचा दोष नाही. ठरलेल्या चालीवर म्हणताना, गाताना, चारचौघांबरोबर एका सुरात बोलताना बहुतेक अडखळणाऱ्यांची जीभ मोकळी होते. एकट्यानं बोलताना आणि जनावरांशी बोलतानाही. आरतीत मी अस्खलित, पाढ्यांत अस्खलित, प्रतिज्ञेत अस्खलित. आमच्या म्हशीनं तर आयुष्यात माझ्याइतका ओघवता वक्ता दुसरा ऐकला नसेल.

शाळेत प्रकट वाचनाचा तास असला की मी बाकं मोजून आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येतोय ते काढायचो, त्यातले प-ब-क हेरायचो, आणि तेवढ्यात पुढचा एखादा पाणी प्यायला उठून जायचा. सगळं गणित एका परिच्छेदानं सरकायचं आणि मी तयारी न केलेल्या खड्ड्यात पडायचो. अशात १९९३ च्या डिसेंबरात 'डर' आला. तोवर वर्गातली मुलं माझी नक्कल स्वतःच्या हिमतीवर करत होती. आता त्यांना पडद्यावर अडखळत "क... क... किरण" म्हणणाऱ्या शाहरुख खानचा पाठिंबा मिळाला. आमच्या वर्गात किरण नावाची मुलगी होती. क शी वैर असल्यामुळं मी तिला कधी हाकसुद्धा मारली नव्हती. पण वर्गानं आमचं प्रेमप्रकरण जाहीर करून टाकलं.

माणसाला जे आवडतं ते तो खातो, असं लोकांना वाटतं. मी जे म्हणता येतं ते खातो. आमच्याकडच्या खानावळीत रस्सा ओरडून मागायचा असतो. मला आवडतो पांढरा. तोंडातून सुटतो तांबडा. वाढपी चपळ असतात. मी प जुळवेपर्यंत बादली पुढच्या ताटावर गेलेली असते, म्हणून ऐन वेळी "तांबडा!" असं ओरडून मी मोकळा होतो. तांबड्यावर तांबडा रिचवल्यावर डोळ्यांतून धारा लागतात, तेव्हा हवं असतं पाणी, आणि तेही प वरूनच. एकदा जीव कासावीस होऊन मी "जल!" असं ओरडलो. वाढप्यानं आत वर्दी दिली, "तीन नंबरला महाराज बसलेत. त्यांना मटण कुणी वाढलं रे?"

खरा ताप मात्र बोलण्याचा नाही, ऐकणाऱ्यांचा आहे. यांचे काही ठळक प्रकार आहेत. पहिला, वाक्यपूरक. हे मदतीला धावतात. शेजारचे आप्पा स्कूटर सुरू करून निघाले होते. मी हात करून थांबवलं. "आप्पा, प... पं..."

"पाऊस येतोय? छत्री घेतलीय."

"नाही, पं..."

"पंचवीस तारीख? लाइटबिल भरलंय कालच."

"अहो, पं..."

"पंढरपूरला चाललायस? जा की! माझा नमस्कार सांग विठोबाला." एवढं बोलून आप्पा गेले. कोपऱ्यावरून स्कूटर ढकलत परत आले तेव्हा घामाघूम झाले होते. म्हणाले, "पंक्चर आहे म्हणून तोंडानं सांगता येत नव्हतं होय रे?"

दुसरा प्रकार सल्लागारांचा. "श्वास घ्या. सावकाश. घाबरू नका." मी तोवर घाबरलेला नसतो. हे ऐकून आपण घाबरायला हवं होतं की काय, या विचारानं घाबरतो. तिसरे लोक मला बहिरा समजून माझ्याशी मोठ्यानं आणि हातवारे करून बोलतात. चौथे सभ्य असतात. मी अडखळलो की ते पंख्याकडं बघू लागतात. माझ्या वाक्यांच्या लांबीमुळं आमच्या कचेरीतला प्रत्येक पंखा लोकांनी इतका निरखून बघितला आहे, की कुठल्या पंख्याचा कुठला स्क्रू ढिला आहे हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे सांगू शकतील.

माझं लग्न ठरवताना घरच्यांनी माझं वर्णन "मुलगा शांत आहे, कधी उलटून बोलत नाही" असं केलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. उलटून बोलायला माझ्याकडं वेळच नसतो. मी तोंड उघडेपर्यंत भांडण मिटून माणसं जेवायला बसलेली असतात. मुलीचं नाव मनीषा आहे हे कळताच मी फोटो न बघता होकार कळवला. म! जन्मभर हाक मारता येईल असं नाव! कांदेपोह्यांच्या वेळी तिच्या वडिलांनी विचारलं, "पोहे कसे झालेत?" "मस्त," मी म्हणालो. तेही म वरून. सगळे ग्रह अनुकूल होते.

पण आमच्या घराण्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. मला कल्पना न देता आत्यानं नाव ठरवून टाकलं. पद्मजा. "तुझ्या प ला तिचा प जुळतो," आत्या कौतुकानं म्हणाली. ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ते नाव मी सुबक अक्षरांत लिहिलं. लिहिताना माझं काहीच अडत नाही. अडचण आली उखाण्याच्या वेळी. मी सराव केला होता. "रंकाळ्याच्या पाण्यावर मावळतीचा रंग..." पहिली ओळ तालात निघाली, 'पाण्यावर'सुद्धा सुटला. मग नाव घ्यायची जागा आली, सगळा मांडव एकदम गप्प झाला, आणि ताल गेला.

"प... प..."

"विसरला गं बाई नाव!" एक करवली.

"जुनं आठवतंय का नवं?" दुसरी.

"कुणाचं आठवतंय ते विचारा आधी!" तिसरी.

शेवटी नवरीच खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, तांदळात लिहिलंत ना, झालं की." त्या दिवसापासून मी तिला 'अगं' म्हणतो. नवरा-बायकोनं एकमेकांना नावानं हाक मारू नये ही प्रथा ज्यानं कुणी पाडली, तो माझ्यासारखाच प-ब-क वाला असणार.

नातेवाईक धीर देण्यासाठी थोर माणसांची उदाहरणं देतात. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज अडखळायचा. त्याला लायोनेल लोग नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं बोलायला शिकवलं आणि १९३९ साली महायुद्ध सुरू झाल्यावर राजानं रेडिओवरून सगळ्या साम्राज्याला उद्देशून भाषण केलं. त्यावरचा 'द किंग्ज स्पीच' भाच्यानं मला आग्रहानं दाखवला. "बघ मामा, राजाला जमलं, तुलाही जमेल." जमलं हे खरं. पण त्या राजाला रिक्षावाल्याला पत्ता सांगावा लागत नव्हता. मला मानवतात ते ई. एम. एस. नंबुद्रिपाद. १९५७ साली केरळचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि बोलताना चांगलेच अडखळायचे. त्यांना कुणीतरी विचारलं होतं म्हणे, "तुम्ही नेहमीच अडखळता का?" ते म्हणाले, "नाही, फक्त बोलताना." हे उत्तर मी पाठ केलं आहे. नेमकं ते देण्याची वेळ आली की 'फक्त' च्या फ पाशी गाडी उभी राहते आणि विचारणारा "बरं बरं, असू दे" म्हणून निघून जातो.

मध्यंतरी एका तरुण स्पीच थेरपिस्टकडं गेलो. तिनं माझं सगळं शांतपणे, पंख्याकडं न बघता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, आता मुद्दाम अडखळायचं."

मला वाटलं, फी परत मागावी. पण फीला पैसे म्हणतात, आणि मग प आलाच.

तिनं समजावलं. चार्ल्स व्हॅन रायपर नावाचे अमेरिकन तज्ज्ञ होऊन गेले. ते स्वतः अडखळायचे. न अडखळण्याची धडपड हेच अडखळण्याचं निम्मं कारण असतं, ती धडपड सोडायची, हवं तर आपण होऊन, हसतमुखानं अडखळायचं, म्हणजे भीती जाते, असा त्यांच्या शिकवणीचा रोख. "उद्या वाण्याकडं जा आणि एका शब्दावर मुद्दाम अडखळून दाखवा," ती म्हणाली.

मी गेलो. ठरवून 'बदाम' निवडला, कारण ब वर अडखळायला मला कष्ट पडत नाहीत. वाणी मला ओळखतो. मी ब म्हटलं की तो बटाटे काढायला वाकतो. मी दीर्घ श्वास घेतला, भीती सोडली आणि तोंड उघडलं.

"एक किलो बदाम द्या."

अस्खलित! लोण्यातून सुरी फिरावी तसं, असं इथं म्हणायला हवं, पण माझी अवस्था त्याहून वाईट होती. वाणी वाकलेला होता तो ताठ झाला. त्यानं एक किलो बदाम तोलले, पुडा बांधला आणि अदबीनं विचारलं, "घरात काही कार्य आहे काय, साहेब?" आयुष्यभर मनापासून अडखळलेला माणूस, अडखळ म्हटल्यावर अडखळू शकला नाही. पैसे मोजून बाहेर पडलो. पुढचे काही महिने आमच्याकडं शिऱ्यात, खिरीत आणि शेवटी शेवटी उपम्यातही बदाम होते.

एका ठिकाणी मात्र माझ्या या गुणाची कदर झाली. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात आहे. सहकारी कारखान्याची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एवढंच समजावं, की तिथं विषय वाचला जातो आणि मांडवातून "मंजूर! मंजूर!" असा गजर होतो. विरोधक "नामंजूर!" म्हणतात. विषय काय होता हे दोन्ही बाजू घरी गेल्यावर एकमेकांना विचारतात.

आमच्या अध्यक्षसाहेबांचं वक्तृत्व जिल्ह्यात नावाजलेलं. "या ठिकाणी या निमित्तानं मी आपणा सर्वांना या ठिकाणी सांगू इच्छितो, की या ठिकाणी..." असं ते पाऊण तास बोलतात. यातला एकही शब्द अडत नाही आणि एकही शब्द कुठं पोचत नाही. याला कुणी वाणीदोष म्हणत नाही, वाणीवर प्रभुत्व म्हणतात. साहेबांनी विषयवाचनाचं काम माझ्याकडं दिलं तेव्हा मी भारावून गेलो. दिव्यांग बांधवाला संधी, असं काहीतरी साहेबांच्या मनात असावं असं वाटलं. पहिल्याच सभेत उलगडा झाला. अडचणीचा विषय होता: संचालक मंडळाच्या ब्राझील अभ्यासदौऱ्याच्या प्रवासखर्चास कार्योत्तर मंजुरी देणे. 'संचालक मंडळाच्या' इथवर मी सुखरूप आलो.

"ब... ब... ब..."

मांडवातले लोक सकाळपासून उन्हात बसलेले. जेवणाचा वास सुटलेला. "मंजूर! मंजूर!" सभासदांनी माझी सुटका केली, आणि संचालकांचीही. साहेबांनी मायेनं पाठीवर हात ठेवला. त्यानंतर कारखान्यातला प्रत्येक नाजूक विषय प, ब किंवा क पासून सुरू होऊ लागला. बांधकाम, कमिशन, पेट्रोलखर्च. विषयपत्रिका टंकायच्या आधी साहेब मला विचारून घेत, "यातलं तुम्हाला अवघड कुठलं?"

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण एका वर्षी मोठं मैदान घेतलं आणि लाउडस्पीकरवाल्यानं कर्णे लावले ते पार मैदानाच्या टोकाला, व्यासपीठाकडं तोंड करून. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सत्तरेक मीटरवरच्या कर्ण्यातून आपलाच आवाज आपल्या कानावर येतो तो एक पंचमांश सेकंद उशिरा. एवढ्या उशिरानं स्वतःचा आवाज ऐकू आला की चांगला बोलणारा माणूस हमखास अडखळतो, हे संशोधकांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिलं आहे. उलट अनेक अडखळणाऱ्यांची जीभ त्यानंच मोकळी होते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. साहेबांना तर नव्हतंच.

"या... या ठि... ठिका... या..." साहेब थांबले. माइककडं बघितलं. पुन्हा सुरुवात केली. "या ठि... ठि..."

मागच्या रांगेतून एक म्हातारा सभासद ओरडला, "श्वास घ्या साहेब! सावकाश! घाबरू नका!"

घामाघूम होऊन साहेब खाली बसले आणि माझ्याकडं हात केला. मी उठलो. पहिला शब्द उच्चारला, तो मैदान फिरून परत कानात आला, आणि त्याच्या सोबतीनं पुढचा सुटला. "विषय क्रमांक सात. संचालक मंडळाच्या ब्राझील येथील दुसऱ्या अभ्यासदौऱ्याचा प्रवासखर्च, पंचतारांकित निवास, कौटुंबिक सदस्यांचे पर्यटन व किरकोळ खरेदी यांस कार्योत्तर मंजुरी देणे." एकही अक्षर अडलं नाही. मग रक्कम वाचली. शेवटच्या रुपयापर्यंत.

मांडवात शांतता. सभासद पहिल्यांदाच वाक्य शेवटपर्यंत ऐकत होते. त्यांना सवय नव्हती, म्हणून अर्थ उतरायला थोडा वेळ लागला. त्यानंतर जे झालं त्यात खुर्च्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चेहरा गंभीर. "काय हो, तुम्ही बरे झालात की काय?"

"न... नाही साहेब. प... प... प्रतिध्वनी..."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "आहे, आहे अजून!" ते म्हणाले आणि चहा मागवला. पुढच्या सभेपासून कर्णे व्यासपीठाला खेटून असतात, आणि सभा पूर्ववत खेळीमेळीत पार पडते.

१९९८ पासून २२ ऑक्टोबरला आमच्यासारख्यांसाठी जागतिक दिवस पाळतात. त्या दिवशी भाषणं होतात, आणि ती करणारे बहुधा अस्खलित असतात. आमची त्याला हरकत नाही. मागणं एवढंच आहे, की उरलेल्या दिवसांतही कुणी समोर अडखळला तर शब्द पुरवू नका. त्याला हवा असलेला शब्द त्याच्याकडं असतोच. पंख्याकडं बघू नका, श्वास घ्यायला सांगू नका, तो जन्मल्यापासून घेतो आहे. थोडं थांबा. आणि कुणीही बोलत असो, राजा असो, साहेब असो की मी, वाक्य पुरं ऐकल्याशिवाय 'मंजूर' म्हणू नका.